बाबांचं गोत्र

१४ सप्टेंबर १९८६, शॉमबर्ग

मंडळाचा गणपती पार पडला. प्रसादाचा द्रोण हातात देता देता पद्मिनीताईंनी विचारलंच — "नांदूरकर म्हणजे नक्की कुठले हो तुम्ही?" दहा वर्षं झाली, बाई पिच्छा सोडत नाही! "औरंगाबादकडचे," मी म्हटलं. मोहनने लगेच गाडीची किल्ली काढली.

आम्ही बौद्ध. पूर्वाश्रमीचे महार. आडनाव इकडे अमेरिकेत यायच्या आधीच बदललं. मंडळात कुणाला माहीत नाही. रुपालीलाही सांगितलेलं नाही, चौदा वर्षांची झाली तरी. इथं जन्मलेल्या पोरीच्या मागे ते कशाला लावायचं, असं मोहन म्हणतो. मीही तेच म्हणते.

२३ सप्टेंबर

रुपालीला शाळेसाठी कुणाची तरी मुलाखत हवी होती, म्हणून तेरेसाला घरी बोलावलं. लॅबमध्ये माझ्या शेजारीच काम करते ती.

"यू आर मेक्सिकन, राइट?" रुपालीने सुरुवात केली.

"चिकाना," तेरेसा म्हणाली. मग थांबेचना! आजोबा रेल्वेचे रूळ टाकायला आले. ही इथंच जन्मली, तरी शाळेत स्पॅनिश बोललं की छडी. चिकानो (बाईला चिकाना) हा शब्द आधी हिणवायचा — जरा वर चढलेले मेक्सिकन आपल्यातल्याच मजुरांना तसं म्हणत. अडुसष्ट साली लॉस एंजेलिसमध्ये पोरं शाळा सोडून रस्त्यावर आली, त्यात ही सतरा वर्षांची. त्या पोरांनी तोच शब्द उचलला, अभिमानाने फलकावर लिहिला. ही घरी आल्यावर आईने थोबाडीत मारली — तुला त्यातून वर काढायला आम्ही मर मर राबलो, आणि तू तेच मिरवतेस? आईला ते कधीच पटलं नाही. पटायच्या आधीच ती गेली. सांगताना तेरेसाचे डोळे भरले.

मला तिच्या आईचंच पटत होतं. लिहितानाही लाज वाटते. आणि सारखे बाबा आठवत होते. 'दलित' म्हणताना त्यांचा आवाज कसा चढायचा!

"आई, डू वुई हॅव अ वर्ड लाइक दॅट?" रुपालीने एकदम विचारलं.

"आपण मराठी," मी म्हटलं, आणि चहा टाकायला उठले.

२ ऑक्टोबर

दादाचा फोन. बाबा गेले. मी पोचेपर्यंत अंत्यविधी थांबवणार नाहीत.

५ ऑक्टोबर

पद्मिनीताई डबा घेऊन आल्या. जवळ घेऊन बसल्या. बाई मायाळू आहे, खोटं कशाला बोलू? म्हणाल्या, "पुढच्या रविवारी देवळातल्या गुरुजींना घेऊन येते, छोटीशी शांती करू. मी सगळं अरेंज करते." मी मोहनकडे पाहिलं. "थँक्स, पद्मिनीताई," तो म्हणाला.

नको म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. मीही 'थँक्स' म्हटलं.

१२ ऑक्टोबर

गुरुजींनी विचारलं, "गोत्र?"

मोहन अडला. मग म्हणाला, "काश्यप." कुठून सुचलं त्याला!

छप्पन साली बाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. घरातले देव गोदावरीत सोडले. आमच्या उंबऱ्यात कधी भटजी आला नाही — आधी ते येत नसत, नंतर बाबांनी येऊ दिलं नसतं. आणि आज त्यांचं नाव घेऊन मी तीळ-पाणी सोडलं. या हातांनी! बाबा, तुम्ही गेल्यावरसुद्धा मी तुम्हाला लपवलं. जन्मभर लपवलं ते पुरलं नाही का मला?

रुपाली जिन्यात बसून होती. कितीदा हाक मारली, खाली आली नाही. पंचवीस माणसं जेवून गेली.

१३ ऑक्टोबर

रुपालीला सगळं सांगितलं.

"आय नो, आई," ती म्हणाली. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत माझ्या माहेरी गेलो होतो तेव्हाच बाबांनी तिला गच्चीवर नेऊन सांगितलं होतं. वर बजावलं होतं — तुला माहीत आहे हे आईला कळू देऊ नकोस, ती घाबरते.