लिव्हर डावीकडेच राहील

नाही, तो लिव्हर चुकून डावीकडे लागलेला नाही. आणि नाही, माझं डोकंही फिरलेलं नाही. डॉक्टर समोरच बसलेत, त्यांना विचारा. मी, शिवणयंत्रं दुरुस्त करणारी, नवरा गेलेली, शाळा चौथीपर्यंत, हे मृत्युपत्र माझ्या अकलेने, कुणी मानगुटीवर न बसता लिहिते आहे. आधीचं एखादं सापडलं तर फाडा. आधीचं नाही, पण सापडलं तर फाडा.

एक. दुकान आणि वरच्या दोन खोल्या लेकीला. थोरल्याला वाटेल, आईने डावललं. डावललं नाही रे. तुला दुकान दिलं असतं तर तू आधी पाटी सरळ आहे का ते मापत बसला असतास आणि गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं असतं.

दोन. बँकेत काही उरलं तर दोघांत अर्धं अर्धं. नाही उरलं तर भांडणही अर्धं अर्धं. समोरच्या शिंप्याने नेलेली माझी मोठी कात्री परत मागा. मागितल्याशिवाय तो देणार नाही, आणि मागितल्यावरही देणार नाही. पण मागा.

तीन. हे कलम दादासमोर वाचायचं नाही. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याला त्या वेळी चहा करायला आत पाठवा. पन्नास माणसांचा चहा तो एका पातेल्यात, काही न मोजता, बरोबर करतो. कुठे शिकला, ते मी विचारलेलं नाही.

तर काचेच्या पेटीतलं यंत्र. दादा तरुणपणी लढाऊ जहाजावर होता. जहाजाच्या पाठीवर लांब रूळ, रुळावर गाडा, गाड्यावर छोटं विमान. दारूचा बार उडाला की गाडा सुटतो आणि विमान थेट आभाळात. त्याला कॅटापल्ट म्हणतात. त्याचा लिव्हर दादा ओढायचा. असं दादा सांगतो. जेवताना सांगतो, लग्नाकार्यात सांगतो, माझ्या गिऱ्हाइकांना तर मशीन उघडं पडलेलं असताना सांगतो. "ठमे, मी हात खाली केला की विमान गेलंच!" ऐकून ऐकून कान किटले. म्हटलं, एकदा त्याचा छोटा नमुना बनवूनच टाकू, म्हणजे तोंड बंद होईल. झालं नाही. आता दाखवून सांगतो.

विकतचं त्यात काही नाही. रूळ पितळी पट्टीचे, कानसून काढलेले. जाळीदार बाजू बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याच्या. दोराच्या चाकांना जुन्या बॉबिनच्या चकत्या. खऱ्यातला एक फूट तो इथे पाव इंच. थोरला वाचनालयातून फोटो आणायचा, मी भिंग लावून मापं काढायची. तेवढं त्याचं मानते.

फोटोत लिव्हर उजवीकडे. विमानाचं नाक समोर धरलं तर उजवीकडे. सगळ्या फोटोंत, आणि एक नकाशा मिळाला त्यातही. मी विचारलं, "दादा, लिव्हर कुठल्या बाजूला होता रे?"

"डावीकडे. किती वेळा सांगितलं तुला!"

"नक्की?"

"अगं, जहाजावर मी होतो का तू होतीस?"

तोच होता. जहाजावर होता, त्यात वाद नाही.

मी लिव्हर डावीकडे लावला. शेजारी तांब्याच्या तारेचा एक माणूस उभा केला, दादासारखा, पोट जरा कमी करून.

यंत्र प्रदर्शनात ठेवलं, तिथे परीक्षक म्हणाले, "बाई, काम सुरेख, पण लिव्हर उलट्या बाजूला आहे. तुमचा फोटो उलटा छापलेला असणार. फसलात." मी म्हटलं, असेल. फोटोतल्या विमानावरचा आकडा सुलटा वाचता येत होता, ते मी आधीच बघून घेतलं होतं. पण दादा शेजारी उभा होता आणि त्याची नातवंडं त्याचं बोट धरून होती. बक्षीस दुसऱ्याला गेलं. दादा घरापर्यंत तणतणत होता, "त्या परीक्षकाने बापजन्मात जहाज पाहिलंय का?"

चार. यंत्र दादाला. त्याच्यानंतर थोरल्याला, कारण धूळ पुसायची अक्कल त्यालाच आहे. पण थोरल्या, "आई, पाच मिनिटांचं काम, उजवीकडे घेतो" म्हणून तू माझ्या मागे लागला होतास, ते मी विसरले नाही. घेतलंस तर माझ्या कानशी, पत्रा पकडायचा छोटा वाइस, भिंग, सगळं त्या शिंप्याला. कात्री गेलीच आहे. हत्यारं हवी असतील तर लिव्हर आहे तिथे राहील. दादा गेल्यावरही. त्याच्या नातवंडांची पोरं बघायला येतील.

हेही चहा उकळेपर्यंत उरका. यंत्र तुझं झालं, एवढंच दादाला बाहेर आल्यावर सांगा.

पाच. माझ्यामागे रडारड नको. दादा बोलायला उभा राहील. बोलू द्या. विमान उडेपर्यंत कुणी उठायचं नाही.

हे सगळं बरोबर चालतं का, ते लेकीने बघावं.

सही: शिवणयंत्रवाली
साक्षीदार: शेजारचा किल्लीवाला (सही केली, वाचलं नाही म्हणतो, वाचलंय)
साक्षीदार: डॉक्टर
ठिकाण: दुकानामागची खोली
तारीख: डॉक्टरांनी वर घातली आहे, वार सोमवार, दुकान बंद

सही करता करता डॉक्टरांनी विचारलं, "मग दादा जहाजावर नक्की काय करायचे हो?" मी म्हटलं, तुम्ही सही करा. त्याबद्दल मी काही सांगणार नाही.