काळ्या ठिपक्याखालचा प्रोसेसर

रविवार, संध्याकाळ

माळा आवरताना जुना टीव्ही गेम सापडला. ताईचा आणि माझा. तो घेऊन ओमती बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने खोलून दाखवला. हिरव्या पट्टीच्या मधोमध डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका. म्हणाला, "भैया, प्रोसेसर इसी के नीचे है. ये नहीं बनेगा."

हाच ठिपका लहानपणी बाबांनी आम्हाला दाखवला होता. फॅक्टरीतून आल्यावर त्यांनी गेमचे स्क्रू काढले आणि म्हणाले, "हे याचं डोकं. आठ बिटचं. एवढ्याशा डोक्यावर तुमचा माणूस उड्या मारून राहिला." ताईने त्यावर बोट ठेवलं होतं. गरम होता.

आज मीही ठेवलं. थंडगार.

ताईशी तीन वर्षं बोललो नाही. बाबा गेले तेव्हा तिला पुण्याहून पोहोचायला उशीर झाला आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "आता काहून आली?" का बोललो तसं? गाडीच उशिरा होती. मला माहीत होतं.

दुकानाबाहेर उभं राहून तिला त्या ठिपक्याचा फोटो पाठवला. पाचच मिनिटांत तिचा फोन.

"चालू झाला का रे?"

"नाही ताई. प्रोसेसरच गेला."

माफी मागायची होती. ती सोडून मी कॅसेट, वायर असलंच काहीबाही बडबडत राहिलो. ती ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "उन्हाळ्यात घरी आली तर चालेल?"

"ये न," म्हटलं. आपल्याच घरी यायला ताईला मला विचारावं लागलं.