श्रावणातली सुकट

१८ सप्टेंबर १९९७, बारामती
शैला कॉलेजातून आली ती चप्पल न काढताच आत. लॅबमधलं सुकटीचं पोतं निम्मं शिल्लक निघालं. एव्हाना संपायला हवं होतं. मग बायकोच्या पीएच.डी.चे मासे खात काय होते?
सगळ्या टाक्यांना एकच खाणं, हा तिचा पहिला नियम. धरणाकाठच्या डाळज गावाहून सुकट आणायची, पेंड-कोंडा घालून शिजवायची, आमच्या सोऱ्यातून शेवया पाडून वाळवायच्या. त्या सोऱ्यापायी गेल्या दिवाळीला घरात चकली नाही.

१९ सप्टें.
लॅबचे शिपाई बाळूतात्या सरळ म्हणाले, "सरच बोलले, श्रावणात म्होरल्या खोलीत सुकट न्हाय घालायची. त्यांच्या केबिनीत वास जातुया. पेंड घातली की बाई, उपाशी न्हाय ठिवलं कुणाला." सर म्हणजे शैलाचे गाइड.
पुढच्या खोलीत बिनऔषधाचे मासे, मागच्या खोलीत काविळीवरच्या झाडपाल्याचा अर्क दिलेले. पुढच्यांना महिनाभर नुसती पेंड, मागच्यांना सुकट. पुढच्यांची लिव्हर खराब, मागच्यांची छान. सगळे म्हणत होते, अर्काचा गुण. आता गुण अर्काचा की सुकटीचा, कोण सांगणार? सगळं काम पाण्यात.

२१ सप्टें., रवि.
सर घरी. चहा. "अहो, मासा काहीही खातो."
शैला : "मग उद्या साबुदाण्याची खिचडी घालू, सर?"
हसले! चर्चासत्राच्या पेपरात 'सर्वांना समान आहार' हे वाक्य तसंच राहू दे म्हणे. वर मला : "तुम्ही छान बातमी करा. फोटोसकट."
इतक्या वर्षांच्या बातमीदारीत कुणावर आवाज चढवला नव्हता. आज कप आपटला. फुटलासुद्धा नाही.

२४ सप्टें.
इंदापूरच्या सभेची बातमी वेळेत पाठवली. ऑफिसातून सरांच्या बातमीसाठी फोन, "माशांचं काय?" म्हटलं, "जेवताहेत अजून."
पुन्हा सुरुवात म्हणजे वर्ष गेलं. आणि गाइड तेच. त्यांच्या सहीशिवाय प्रबंध हलत नाही. चूक त्यांची, घाबरायचं हिनं. डोकं नुसतं...

२६ सप्टें.
उद्या पुण्याच्या चर्चासत्रात सर पेपर वाचणार. खाली शैलाचंही नाव. ती जाणार म्हणते.
"कशाला? टाळ्या वाजवायला?"
"शेवटी प्रश्न विचारता येतात," साडीला इस्त्री करत म्हणाली. "मासे काय खात होते, एवढंच विचारीन." मग इस्त्री उभी ठेवली. "विचारू ना?"
 माझा शर्टही तिच्यापुढे टाकला.