काबूलमधले मराठी पाढे

प्रिय जोशीकाकू,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं. दहाव्यालाही मी आले नाही. माझ्या वर्गातल्या मुलींची परीक्षा होती. आज लिहितेय, कारण तुमच्या पाढ्यांनी मला चांगलंच गोत्यात आणलं, आणि हे तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

आठवतं? काबूलहून निर्वासित होऊन आलो तेव्हा मी सात वर्षांची. नाशिक रोडला तुमची वरची खोली भाड्याने घेतली होती. मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, तरी तुम्ही मला स्वयंपाकघरात बसवून ‘बे एके बे’ म्हणायला लावलंत. किती रडवलंत हो!

आता आम्ही दोघी बहिणी, मी आणि नर्गिसताई, इंदिरानगरला राहतो. रोज दुपारी फोनवरून काबूलच्या बारा मुलींना शिकवतो. तिकडे सहावीनंतर मुलींना शाळा बंद. ताई विज्ञान घेते, मी गणित. शिकवते फारसीत, पण गुणाकार आला की तोंडातून तुमचं मराठीच बाहेर पडतं. मुलींनी तेच पाठ केलं. मला वाटलं, काय बिघडतंय?

बिघडलं. त्यातली झरमीना भांडी घासताना ‘तेरा साते एक्क्याण्णव’ म्हणत होती. वडिलांना वाटलं, पोरीला कुणीतरी परक्या धर्माचे मंत्र शिकवतंय. त्यांनी फोनच काढून घेतला. तीन आठवडे ती वर्गात नव्हती. काकू, मी तुमच्यावर भयंकर चिडले. चूक अर्थात माझी होती.

शेवटी मीच त्यांना फोन केला. हा हिशेब आहे, म्हटलं. त्यांचं कापडाचं दुकान आहे. त्यांनी मुलीला हाक मारली.

“सतरा मीटरचे नऊ तागे. किती?”

“एकशे त्रेपन्न.”

मग ते मला म्हणाले, “आपल्या भाषेत शिकवा. आणि आवाज दाराबाहेर जाऊ देऊ नका.”

आज ती आली. मी फारसीतून पाढे घेतले, अडखळत. झरमीनाच्या मागून आणखी एक बारीक आवाज येत होता.

“कोण आहे गं?”

“आई. ती शाळेत कधी गेलीच नाही. विचारतेय, तिचं वय चालेल का?”

माझ्या शेजारून ताईनेच ‘चालेल’ म्हणून सांगितलं.

सोमवारपासून झरमीनाच्या आईसाठी वेगळा अर्धा तास. त्या एकट्या आल्या तरी वर्ग होईल, काकू. एकही दिवस चुकवणार नाही.

तुमची,
फरिश्ता