सतरा माणसं, एक चेहरा

प्रिय शेषू,

हे पत्र हाताने मनोहररावांचं आणि तोंडाने माझं. समोरच्या घरातले मनोहरराव, तुला तिसरीत गणित शिकवून थकलेले, तेच. माझं नाव सरस्वती ठेवणाऱ्याने मोठीच थट्टा केली. सत्तरी गाठली, पण अक्षरांनी मला अजून ओळख दिलेली नाही. आपल्या घरच्या रीतीने भाषा मराठी आणि अक्षर कानडी असं ते लिहितायत. मध्येच थांबतात, चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, सरस्वतीबाई, हे असंच लिहायचं का? मी म्हणते, असंच लिहा, तुम्ही फक्त हात व्हा, डोकं व्हायला मी आहे. हेही लिहिलंय बघ त्यांनी, नाक मुरडून का होईना.

बेंगळूरहून तू पाठवलेलं पार्सल मागच्या सोमवारी मिळालं. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतंस, की चित्रकथेचं पुस्तक दसऱ्याच्या दशमीनंतर छापायला जाणार, त्याआधी अज्जीने बघावं. ज्याला वाचता येत नाही त्यालाही नुसत्या चित्रांवरून गोष्ट कळली पाहिजे असं तुमचे साहेब म्हणतात. म्हणजे अडाणी माणूस पाहिजे होता, आणि तुला मी आठवले. राग नाही हो. उलट आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला परीक्षेला बसवलं.

तीन दिवस मी ते कागद कुणाला वाचू दिले नाहीत. तुझ्या आईने दोनदा हात पुढे केला, दोनदा मी मारला. दुपारी गुडघ्याला तेल चोळत बसायचं आणि एकेक पान बघायचं. चौथ्या दिवशी मनोहररावांना बोलावून सगळी गोष्ट सांगितली. राजपुत्र शिकारीला जातो, कबिनी नदीपलीकडच्या रानात वाट चुकतो, रानातली माणसं त्याला धरून झाडाला बांधतात, भोवती नाचतात, मग त्याचा हत्ती येऊन दोर तोडतो आणि राजपुत्र त्या सगळ्यांना पळवून लावतो. त्यांनी मग तुझी अक्षरं वाचली. तंतोतंत तेच निघालं. तर साहेबांना सांग, अज्जी पास झाली.

चित्रं सुंदर आहेत. राजपुत्राच्या अंगरख्याला खांद्याशी शिवण नाही, हात वर केला तर काखेत टरकन फाटेल. शिंप्याच्या नातवाला हे शोभत नाही, तेवढं सुधार. पण हत्ती! तो पुढचा पाय उचलतो आणि मागचा पाय बरोबर पुढच्याच ठशात ठेवतो, ते पान बघून मी कागदावर हात ठेवला. ऊब लागेल असं वाटलं.

आणि तरी बाळा, ते पुस्तक मी उशाशी ठेवू शकले नाही. कपाटात, तुझ्या आजोबांच्या कोटाखाली घालून ठेवलं. का, ते सांगते. मला अक्षर येत नाही, तर गोष्टीत वाईट कोण हे मला कसं कळलं? त्यांनी काही करायच्या आधीच कळलं. ते अजून नुसते झाडाआडून बघत होते, त्याच पानावर कळलं. शाईसारखं काळं अंग, कानापर्यंत गेलेले लाल ओठ, केसात हाड. मी मोजले. तुझ्या पुस्तकात घोडे सहा आहेत आणि सहांचे चेहरे सहा तऱ्हेचे, एक तर आपल्या मनोहररावांसारखाच दिसतो. (हे लिहा हो, लिहा.) रानातली माणसं सतरा आहेत. सतरांचा चेहरा एक.

आता म्हणशील, अज्जी, चित्रकथा अशीच असते, मुलांना आवडतं. आवडतं, खरंय. मलाही आवडायचं. काळ्या रंगाचं म्हणशील तर आपणही काही केवड्याच्या पानासारखे नाही. तुझे आजोबा उन्हात उभे राहिले की त्यांची सावली लाजायची. पण तुला एक आठवतंय का बघ. तू नऊ वर्षांचा होतास. भाषेवरून राज्यं नव्याने मांडून झाली होती, तू कुठला आणि मी कुठला हे जो तो विचारायला शिकला होता. तेव्हा कुठल्याशा साप्ताहिकात एक गमतीचं चित्र आलं. मराठी शिंपी. डोक्यावर टोपलीएवढं पागोटं, गळ्यात नागासारखी मापाची टेप, तोंडात मोडकंतोडकं कन्नड आणि टेबलाखाली गिऱ्हाइकाच्या कापडाचा तुकडा लपवणारा हात. शाळेत पोरांनी कागदाची टेप करून तुझ्या गळ्यात घातली होती. तू घरी येऊन त्या चित्राचे तुकडे केलेस आणि जेवला नाहीस. आजोबा ते तुकडे जुळवून हसले, म्हणाले, मिशी बरी काढलीय. ज्या माणसाच्या कन्नडला शाळेतले पंडित मान डोलवायचे, तो माणूस. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना त्यांनी गळ्यातली टेप काढून खिशात ठेवली. मग शेवटपर्यंत खिशातच. गिऱ्हाईक आलं की पानाची चंची काढावी तशी काढायचे. तुझ्या लक्षात आलं नसेल. बायकोच्या येतं.

आणि त्या दिवशी, ते खिशात टेप घालत होते तेव्हा, मला केंपी आठवली. आठवली आणि मी गप्प बसले. त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

केंपी तुला आठवत असेल तर धूसर. एच. डी. कोटेच्या एका शाळेचे गणवेश शिवायचं काम आजोबांना मिळालं होतं. धरणाचं काम निघालं तशा रानातल्या काही हाड्या, म्हणजे त्या लोकांच्या वस्त्या, उठवून त्या शाळेजवळ आणल्या होत्या. आजोबा मापं घ्यायला गेले तर तिथे एक विशीतली बाई भावाचा सदरा सांधत बसलेली. टाका असा की उलट बाजूने सुलट वाटावा. तिच्या बापाशी बोलून ते तिला शिकायला घरी घेऊन आले. दोन वर्षं आपल्या मागच्या खोलीत राहिली. काज-बटण तिच्यासारखं या गल्लीत कुणी केलं नाही, मीसुद्धा नाही. जेवायला माझ्याशेजारी बसायची, आणि माझ्या आमटीत मीठ जास्त झालं तर तोंडावर सांगायची. त्या घरात ते धाडस आजोबांनाही नव्हतं. तू सहाचा नव्हतास अजून. तू रडलास की ती अंगणात हातापायांवर उभी राहायची आणि हत्ती व्हायची. मागचा पाय पुढच्याच ठशात ठेवायचा, म्हणजे एवढा मोठा जीव चालला तरी पान वाजत नाही, हे तिने तुला शिकवलं. तुझ्या पुस्तकातला हत्ती तिचा आहे, शेषू. तिने हत्ती दिला तो तू जसाच्या तसा जपलास. तिची माणसं मात्र तुला दुसऱ्या कुणी दिली. आता तेच सांगायचंय. मनोहरराव, पाणी घ्या थोडं. मीही घेते.

दसऱ्याला आपल्या घरी पायऱ्या मांडून गोंबे, म्हणजे बाहुल्या, बसवायचो. दरवर्षी दुकानातल्या चिंध्यांची एक नवी बाहुली मी करायची, हा माझा तोरा. शेजारणी आधीच विचारायच्या, यंदा काय हो सरस्वतीबाई? त्या वर्षी मी रानातला माणूस केला. असा माणूस मी कधी बघितला नव्हता. कुठल्या तरी कॅलेंडरावर, कुठल्या तरी नाटकाच्या पडद्यावर बघितला असेल. खरी रानातली बाई माझ्या शेजारी बसून जेवत होती, तिच्याकडे बघून केला नाही. कोटाच्या काळ्या अस्तराचं अंग, नवरीच्या पोलक्यातून उरलेल्या लाल साटिनीचे ओठ, आणि दात सदऱ्याच्या बटणांचे. बटणं लावायची म्हणून मी ती बाहुली केंपीकडे दिली. तिच्या हातात काम द्यायची सवय, दुसरं काय. तिने बारा बटणं लावली, प्रत्येकाला चार टाके, मागे गाठ. मग विचारलं, अम्मा, हा कोण? मी म्हटलं, रानातला माणूस. तिने बाहुली उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, आमच्यात असा कुणी नाही. मी हसत म्हटलं, अगं, बाहुलीच तर आहे. तिने दाताने दोरा तोडला आणि बाहुली माझ्या मांडीवर ठेवली.

संध्याकाळी बायका आरतीला आल्या. सगळ्यांना तीच बाहुली आवडली. हातोहात फिरली. आणि त्या गर्दीत कुणीतरी टाळ्या वाजवत ओरडलं, केंपी! ही केंपी! सगळं घर हसलं. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. घरची यजमानीण, माझीच बाहुली, मी नाही तर कोण हसणार? केंपी हरभऱ्याच्या उसळीची पानं वाटत होती. तिने राहिलेल्या सगळ्यांना पानं दिली, एकही चुकवलं नाही. भांडी घासली. सकाळी मागच्या खोलीत अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं आणि तिचं बोटातलं अंगुस्तान त्याच्यावर. आजोबा दोनदा कोटेला गेले. दोन्ही वेळा तिच्या बापाने त्यांना नीट बसवलं, मध खायला दिला आणि मुलगी येणार नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाला, कारण घरच्या बाईंना माहीत आहे.

घरच्या बाईंनी काय केलं? आजोबांना सांगितलं, तुझ्या आईला सांगितलं, तू महिनाभर केंपी कुठे म्हणून विचारत होतास तेव्हा तुलाही सांगितलं, की रानातली माणसं माणसांत रुजत नाहीत. इतक्या वेळा सांगितलं की मलाही ते खरं वाटायला लागलं. परवा मनोहरराव तुझं शेवटचं पान वाचत होते. राजपुत्र घोड्यावर बसून मागे वळतो आणि काहीतरी म्हणतो. त्यांनी वाचलं, रानातली माणसं माणसांत रुजत नाहीत. मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. तुला वाटलं असेल हे वाक्य तुझं आहे.

तुझ्या त्या सतरा जणांचे दात बघ एकदा. गोल आहेत. माणसाचे दात गोल नसतात.

आता हे पत्र कशासाठी. पुस्तक छापू नकोस असं मी म्हणत नाही. ते तुझं पोट आहे, आणि अडाणी बाईने साहेबांना शहाणपण शिकवू नये. पण दशमीनंतर ते छापायला जायच्या आधी तुला एक गोष्ट माहीत असायला हवी, मग जे काढशील ते जाणून काढशील. त्या संध्याकाळी टाळ्या वाजवून ओरडणारं ते कुणीतरी तू होतास. सहा वर्षांच्या तोंडात घर बोलतं, म्हणून मी तुला कधी दोष दिला नाही, पण सांगितलंही नाही. तुला वाचवते आहे असं स्वतःला सांगून मी स्वतःलाच वाचवत राहिले. मनोहररावांनी चौकशी केली आहे. केंपी सरगूरच्या पलीकडे राहते, शिवणयंत्र आहे, तीन पोरींना शिकवते. मी दशमीला जाणार आहे. त्या दिवशी धाकट्यांनी थोरांना बन्नीचं, म्हणजे शमीचं, पान देऊन पाया पडायचं असतं, पण मी ते पान तिला देणार. थोर कोण आणि धाकटं कोण, ते ती ठरवील. कदाचित दारातच उभं ठेवील, कदाचित ओळखणारही नाही. तिच्यासमोर मला एकटीला बोलता येणार नाही, इतकं बोलणारी बाई मी, पण नाही येणार, म्हणून तू ये. कागद-पेन्सिल आणू नकोस. नुसता माझ्यामागे उभा राहा आणि तिच्याकडे नीट बघ. कोण हा, असं तिने विचारलं तर मला उत्तर देऊ देऊ नकोस. तू सांग.

दशमीला सकाळी सहाच्या बसशी उभी असणारी,
तुझीच
अज्जी