दादाचा तिसरा मजला

११ सप्टेंबर, गुरुवार
गच्चीवर निघाले, अर्ध्या जिन्यातच बसले. सुनेनं, यशश्रीनं, धावत पाणी आणलं. "आई, तुम्ही उठूच नका, मी आहे ना." दोन वर्षं हेच. हृदयाचं पंपिंग कमी म्हणून मला देव्हाऱ्यातल्या देवासारखं बसवून ठेवलंय. नैवेद्य तेवढा अळणी!

१५ सप्टेंबर
डॉक्टरांना विचारलंच — चार पायऱ्यांत दम का लागतो? म्हणाले, "दोष एकट्या हृदयाचा नाही. बसून बसून पायांचे स्नायू सुस्तावलेत. मिळतो तो ऑक्सिजनही त्यांना नीट वापरता येत नाही. रोज थोडं चाला, बोलता येईल इतपतच." यशश्रीचा चेहरा उतरला. बिचारी. माया करायची म्हणजे बसवून ठेवायचं, आमच्याकडे सगळ्यांना एवढंच ठाऊक.

मला एकच हवंय. नाशिक रोडला दादाच्या घरी भाऊबीज. तिसरा मजला, लिफ्ट नाही. खुब्याचं हाड मोडल्यापासून तो उंबऱ्याबाहेर पडत नाही, आणि मला वर चढवत नाही. गेल्या वर्षी चंद्राला ओवाळलं. चंद्र काय, कोणाचाही भाऊ.

२ ऑक्टोबर, दसरा
सोनंही फोनवरच दिलं. दादा म्हणाला, "शामे, नको जीव काढूस. कुठं जातोय मी?" फोन ठेवला. त्याच्या हातचा आल्याचा चहा आठवला. रडले थोडी.

९ ऑक्टोबर
यशश्री रोज गल्लीत चालवते. भाजी काय करायची ते विचारत राहते. माझं उत्तर मधेच तुटलं की थांबवते. हुशार आहे पोरगी.

१८ ऑक्टोबर
पायांवर सूज. चालणं बंद, गोळी वाढवली. दोन चकल्या खाल्ल्या होत्या — कोणाला सांगू?

२२ ऑक्टोबर
सूज उतरली. डॉक्टर म्हणाले, जा, पण बसत बसत.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
दुसऱ्या मजल्यापर्यंत चढले. यशश्री घडीची खुर्ची घेऊन मागे. तिथं श्वास संपला. हाकही तिनंच मारली — "मामा, आईंना पुढे नाही जमत."

वर दार उघडलं. वहिनी म्हणत होती, "अहो, पडाल!" दादा येत होता. वॉकर वरच ठेवून, कठडा धरून, एकेक पायरी बसून उतरत, लहान मुलं उतरतात तसा.

तिथंच ओवाळलं. यंदा चंद्राला सुट्टी.