हलफाया घाटाच्या खाली

८ जून १९४१
रबहा माहेरी गेली! घाट चढून, पठारावर बापाच्या तंबूत. कारण काय, तर पाहुण्यांसमोर मी तिचा चहा वाळूत ओतला. साखर कमी होती — होतीच कमी!

आता रीतीप्रमाणे मी वडीलधारी माणसं आणि मेंढा घेऊन तिची समजूत काढायला जायचं. तिचा भाऊ अतैवा निरोप धाडतो — "दाजी, गुडघे धड असतील तर चढून या." टोणगा!

११ जून
चुलते हाज खैरल्ला विचारतात, "या फटीत एवढं काय आहे रे, की जर्मन हलतच नाहीत?"

मला कुणी शिकवलं नाही, पण डोळे आहेत. कडा समुद्रापासून निघतो तो वाळवंटात लांबवर जातो. रणगाडे चढतील अशा जागा दोनच — सल्लूमची वळणं आणि हा हलफाया. लिबियात जाणाऱ्याने इथून चढायचं, इजिप्तवर येणाऱ्याने इथून उतरायचं. वर बसलेल्याला खालचा दगडन् दगड दिसतो.

"म्हणजे तुझा मेहुणाच की!" चुलते खो खो हसले. मला हसू आलं नाही.

१५ जून
इंग्रजांचे रणगाडे चढायला गेले. वर जर्मनांनी विमानं पाडायच्या लांब नळीच्या तोफा खड्ड्यांत आडव्या लावलेल्या. चढावर नुसता काळा धूर. मी काय म्हणत होतो? चढणाराच मरतो. मी चढणार नाही.

२ जुलै
अतैवाचा निरोप नाही. माझाही नाही.

२० जुलै
घाटात जर्मनांनी सुरुंग पेरलेत. शेळ्यांच्या पायवाटेवरसुद्धा. हरामखोर!

चुलते म्हणाले, "आता तरी चल. दक्षिणेकडून वळसा घालू. मेंढा मी देतो."

ओरडलो — "मान माझी खाली जाणार, मेंढा तुमचा कशाला?"

"बस मग पहारा देत," ते उठता उठता म्हणाले. "तुझ्या या ताठ्याच्या घाटावर कोण चालून येणार आहे? तो कुणालाच नकोय."

२३ जुलै
चहा स्वतः केला. थू!

मेंढा घेतला. उद्या चुलत्यांबरोबर वळशाने निघतो. पण अतैवापुढे मान खाली घालणार नाही, हे लिहून ठेवतो.

२४ जुलै
निघायच्या आतच अतैवा आला. वळशाने, उंट पार दमवून. ना सलाम, ना टोमणा.

"दाजी, रबहा पोचली ना? परवा आम्हाला न सांगता घाटातून उतरली."